गाडीत सांगतो

—सदतीस हजार पाचशे. हो, बरोबर ऐकलंत. नाही, तुम्ही बसा आधी, उभं राहिल्याने आकडा काही लहान होत नाही. बसा हो, पुसलंय मी. गाडीचंच सीट आहे हे — कुठल्याशा भंगारात गेलेल्या गाडीचं मागचं सीट उपटून मिस्त्रीने गिऱ्हाइकांसाठी बाक केलाय, पट्टासुद्धा आहे बघा, भीती वाटत असेल तर लावा. तर सदतीस हजार पाचशे. कशाचे? पाण्याच्या पंपाचे. पंप केवढा? माझ्या मुठीएवढा. त्याची किंमत? तीन हजार आठशे. मग बाकीचे कशाचे? तिथेच तर गंमत आहे. ह्या गाडीत तो पंप इंजिनाच्या पोटात बसवलाय, आणि त्याला फिरवते कोण, तर टायमिंग चेन. म्हणजे पंपापर्यंत हात पोचवायचा तर आधी इंजिनाला खालून टेकू द्यायचा, मग त्याचं अख्खं तोंड उघडायचं, मग चेन उतरवायची — आणि चेन उतरवलीच आहे तर ती पण नवी घाला, तिला ताणून धरणारा तो टेन्शनर नवा घाला, सगळा सेट साडेअकरा हजार, सीलं नि गॅस्केटं बावीसशे, ऑइल-कूलंट चार हजार, आणि मजुरी सोळा. सोळा हजार! चार हजारांच्या वस्तूला हात लावायचे सोळा हजार. म्हणजे दाढ दुखतेय म्हणून डॉक्टरने टाचेपासून चिरत वर यावं आणि अर्ध्यात थांबून म्हणावं, ताई, आता उघडलंच आहे तर गुडघे पण बदलून टाकू.

थांबा. थांबा जरा. हा कॉम्प्रेसर — हं. बंद झाला. टायरात हवा भरायची असली की मिस्त्री तो लावतो, आणि तो लागला की शेजारी बसलेल्या माणसाचे ओठ बघूनही काही कळत नाही. काय म्हणत होतात? मी कोण? मी मालकीण. म्हणजे मालक आमचे हे, मी नुसती शेजारी बसते. ह्यांना आज ड्यूटी आहे म्हणून मला पाठवलंय — 'खरेदीदार येईल अकराला, गाडी दाखव, कागद दाखव, जास्त बोलू नकोस.' मी कुठे जास्त बोलते? घरात विचारा कुणालाही, मी दिवसाला चाळीस शब्द बोलते, त्यातले वीस 'आले आले' असतात.

ती बघा, ती करडी. तोंड उघडं पडलंय तीच. ह्यांची जाहिरात वाचूनच आलात ना? 'एकच मालक, घरगुती वापर, फक्त चार हजार दोनशे किलोमीटर, किरकोळ दुरुस्ती.' किरकोळ! तीन दिवस बसून लिहिली ती जाहिरात. आमच्या लग्नाच्या पत्रिकेला एवढा वेळ दिला असता तर माझ्या वडिलांचं नाव तरी बरोबर छापून आलं असतं. जा, बघून या हवं तर. अहो, हे काय काढलंत खिशातून? लोहचुंबक? कुणी शिकवलं — पत्र्याला चिकटलं नाही की समजायचं आत लांबी भरलीय, होय? बघा चिकटवून. चिकटतंय? चिकटणारच. त्या गाडीला आजवर काही आपटलंच नाही, कारण आपटायला आधी हलावं लागतं.

आलात? काय म्हणाला मिस्त्री? चेन लोंबतेय — हो, मला पण दाखवली त्याने, दोन बोटांवर धरून, डॉक्टर एक्स-रे धरतात तशी. आणि मग तुमच्या मनात तोच प्रश्न आला, जो त्याच्या मनात आला. चार हजार दोनशे किलोमीटरमध्ये चेन झिजते कशी? मला म्हणाला, 'ताई, राग मानू नका, पण चेन दीड-दोन लाख किलोमीटरची दिसतेय. मीटर मागे फिरवलाय का?' मीटर मागे! आमच्या ह्यांच्या गाडीचा! अहो, आमचे हे मीटर रीडर आहेत. वीज खात्यात. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून टॉर्च मारून आकडे वाचतायत. एका माणसाने मीटरला चिमटा लावला होता तर हे घरी येऊन जेवले नाहीत. ह्यांचा देवावर आहे की नाही मला माहीत नाही, मीटरवर मात्र पूर्ण विश्वास आहे. आणि त्या विश्वासानेच घात केला. पुस्तकात लिहिलंय ना, दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला? हे दर महिन्याच्या एक तारखेला मीटर वाचायचे, वहीत लिहायचे, आणि म्हणायचे, 'अजून सहा हजार बाकी आहेत.' नऊ वर्षांत एकदाही ऑइल बदललं नाही. का बदलतील? दहा हजार झालेच नव्हते! पुस्तकात त्याच ओळीत पुढे 'किंवा दर वर्षी' पण लिहिलंय म्हणे. मिस्त्रीने काल बोट ठेवून दाखवलं. ह्यांचं वाचन आकड्यापाशी थांबतं, पुढचं अक्षर हे वाचत नाहीत.

मिस्त्रीने झाकण उघडलं तेव्हा आतून जे निघालं त्याला ऑइल म्हणत नाहीत. त्याने बूट पॉलिश होतील.

नाही पण, तरी एवढी नाही झिजणार, असं म्हणताय ना? हुशार आहात. कपड्यांवरून वाटत नाही. एवढी इस्त्री करून माणूस जुनी गाडी बघायला येतो का? बरं, ऐका. उगाच मागाहून शिव्या नकोत. गाडी चालली चार हजार दोनशे. इंजिन चाललं — मिस्त्रीने कागदावर मांडलं — साडेचार हजार तासांच्या वर. गाडी उभी, इंजिन सुरू. रोज दीड तास. नऊ वर्षं. आमच्या इमारतीच्या मागे, उघड्यावर, भिंतीकडे तोंड करून. चेनला काय कळतंय गाडी कुठे चाललीय की नाही? ती आपली फिरतेय.

का म्हणजे काय? एसीसाठी. एसी का? काचा बंद ठेवायला. काचा का बंद?

...तुमच्या घरात माणसं किती? नाही, सांगू नका, मी माझंच सांगते. आमच्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं. बाहेरच्या खोलीत आम्ही नि लेक — ती आता हॉस्टेलवर असते — आणि मध्ये पडदा, नि पडद्यापलीकडे सासूबाई. सासूबाईंना कमी ऐकू येतं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. डॉक्टर आमच्या घरी राहत नाहीत. एकदा दुपारी मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन, नुसत्या श्वासाने म्हटलं, कंटाळा आला हो — तर स्वयंपाकघरातून आवाज, 'कशाचा गं?' आता ह्या घरात नवऱ्याशी बोलायचं कसं? म्हणून मी मिक्सर लावायचे. रिकामा. घर्रर्र सुरू झाला की हे पाणी प्यायच्या निमित्ताने यायचे आणि आम्ही बोलून घ्यायचो. पण त्या मिक्सरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तीस सेकंद फिरवा नि एक मिनिट गार होऊ द्या. ह्यांनी ते वाचलं, कारण त्यात आकडा होता. नवरा-बायकोचं भांडण तीस-तीस सेकंदांत करून बघितलंय कधी? मी रागात यायचे तोवर हे बटण बंद करायचे नि घड्याळ बघत उभे राहायचे. एक मिनिट झालं की पुन्हा सुरू — 'हं, बोल.' आता काय बोल! राग काय डब्यात झाकून ठेवलाय? दोन मिक्सर जळाले तरी. तिसरा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, 'वहिनी, तुमचं केटरिंग आहे का?'

मग गाडी घेतली. सगळ्यांनी मिळून फिरायला जाऊ म्हणून. गेलो की, शोरूमपासून घरापर्यंत. आणि पहिल्याच संध्याकाळी एसी कसा लावायचा ते बघायला आम्ही दोघं बसलो, ह्यांनी काचा वर घेतल्या, बटणं दाबली, आणि मी आपलं सहज म्हटलं, 'तुमचा भाऊ मूर्ख आहे.' मोठ्याने म्हटलं हो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पहिल्यांदा पूर्ण आवाजात. आणि कुठूनच उत्तर आलं नाही! ह्यांनी आरशात बघितलं. मान वळवून मागच्या सीटवर बघितलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, 'हो, आहे.'

असं सुख तुम्हाला सांगून कळणार नाही.

त्या दिवसापासून रोज साडेसात ते नऊ. घरी सांगितलं, बॅटरी उतरू नये म्हणून रोज सुरू ठेवावी लागते. नऊ वर्षं चाललंय हे. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, 'बॅटरी फार नाजूक लागली आमच्या नशिबाला.' वॉचमन सुरुवातीला रोज पळत जाऊन गेट उघडायचा. सहा महिन्यांनी थकला बिचारा. आता आमच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि चार हजार दोनशे झाले कुठून, तर अर्धे पेट्रोल पंपाचे — सव्वादोन किलोमीटरवर आहे, आठवड्याला एक फेरी — नि उरलेले लेकीला हॉस्टेलवर पोचवायला-आणायला. पंपावरचा माणूस ह्यांना एकदा म्हणाला, 'साहेब, तुमची गाडी फार पेट्रोल खाते, ॲव्हरेज काय देते?' हे म्हणाले, 'तासाला सव्वा लिटर.' तो अजून विचार करत असेल.

बागेत बसून बोला म्हणताय? किती शहाणे आहात! बसलो होतो बागेत. बाकावर, गाडीची वाट न बघता, माणसांसारखे. एक अक्षर नाही. कारण बाकावर बसलं की हे माझ्याकडे वळून बसतात, आणि माझ्या तोंडाकडे बघून ह्यांना बोलता येत नाही. गाडीत दोघं पुढे बघतात. काचेकडे बघून हे काय वाटेल ते बोलू शकतात. काचेकडे बघून ह्यांनी मला एकदा म्हटलंय की — जाऊ दे. ते तुम्हाला कशाला. तोंडावर म्हणजे 'भाजीत मीठ कमी आहे' एवढंच येतं, तेही आधी घसा खाकरतात.

आणि सगळं लागतं ह्यांना गाडीतलं. राग आला की वायपर. बाहेर कोरडं ठणठणीत, काचेवर धूळ, आणि हा माणूस वायपर लावून बसलाय, कर्र-कर्र, कर्र-कर्र. काचेवर दोन कमानी पडल्यात बघा, मघाशी चुंबक लावताना दिसल्या नाहीत? माझ्या आईबद्दल बोलणं निघालं की दुसऱ्या नंबरवर टाकायचे. आणि माफी मागायची असली की — 'चुकलं' हा शब्द तोंडातून काढणार नाही हा माणूस — डावा इंडिकेटर. टिक-टॉक, टिक-टॉक. उभ्या गाडीला, भिंतीसमोर, डावा इंडिकेटर. मी मुद्दाम दहा-बारा टिक-टॉक जाऊ द्यायचे, मग म्हणायचे, बंद करा, बल्ब जाईल. म्हणजे झालं माफ. एकदा चाळीस जाऊ दिले. काय केलं होतं ते मला आता आठवत नाही, पण चाळीस मोजलेले आठवतात. ह्यांच्यासोबत राहून मी पण मोजायला लागले.

माझ्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा लिफाफा गाडीतच उघडला. काही नव्हतं हो, साधी निघाली. पण उघडायच्या आधी ह्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं ते नेमकं हॉर्नवर. आणि उचलेनात. अख्खी इमारत खिडकीत. सासूबाई वरून ओरडल्या, 'बॅटरी गेली का रे?' — हसा. हसलात तरी चालेल. मी पण हसते ते आठवून. नंतर हसते.

तर विकणार आहात का नाही, असं विचारताय. विकायलाच तर पाठवलंय मला! मी काय इथे मिस्त्रीचं तोंड बघायला आलेय? ह्यांनी ठरवलंय. ऐंशी हजारांची गाडी, तिच्यावर सदतीस हजार पाचशे कशाला घालायचे, आहे तशी काढून टाकू. हिशोब बरोबर आहे. ह्यांचा हिशोब कधी चुकत नाही, माणूस चुकतो.

एकोणीस दिवस झाले. शुक्रवार होता. आठ वाजून दहा मिनिटं. गाडी नेहमीसारखी भिंतीसमोर, एसी दोनवर. जावेचं बोलून झालं होतं, लेकीच्या परीक्षेचं झालं होतं. आणि हे म्हणाले, 'हे बघ, तीन महिने झाले, तुला एक सांगायचं सांगायचं म्हणतोय —' आणि इंजिनातून खडखडखड! डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं. तो तापमानाचा काटा, जो नऊ वर्षं जागचा हलला नव्हता, तो सरळ वर. आणि बॉनेटमधून वाफ. हे खाली उतरले, बॉनेटपाशी धावले, हात भाजून घेतला, वॉचमनने बादली आणली — कित्येक वर्षांनी आमच्याकडे बघितलं त्याने — आणि ते वाक्य राहिलं तिथेच. 'सांगायचं म्हणतोय.' काय? काय सांगायचं म्हणताय?

मी विचारलं. घरात, कपड्यांच्या घड्या घालताना, चादरीचं टोक ह्यांच्या हातात देताना. हळूच. तर म्हणाले, 'गाडीत सांगतो.' म्हटलं, गाडी गॅरेजमध्ये आहे. म्हणाले, 'आली की सांगतो.' आणि पुढच्या आठवड्यात हे बसले जाहिरात लिहायला! आता तुम्हीच सांगा, ज्या गाडीत सांगणार ती गाडीच विकायला काढली, म्हणजे त्या माणसाने काय ठरवलंय? सांगायचं नाही असं ठरवलंय. आणि मला वाटतं हिशोब चाललाय सदतीस हजार पाचशेचा!

दुसरी बाई? असं काय बघताय, मला माहीत आहे तुमच्या मनात काय आलं. आमच्या ह्यांना? अहो, एकतीस वर्षं दारोदार फिरतायत, अजून कुणी पाणी विचारलं नाही. कुत्री तेवढी ओळखतात. बदली झाली असेल? रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत, आता कोण बदली करतंय. दिराला खोली लिहून दिली असेल? दिली असेल तर वायपर लावूनच बसले असते, मला कळलं असतं. आणि आजार — नाही. ते नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, ती चालण्यामुळे. रोज चालणं असतं ह्यांचं, चाळीस-चाळीस जिने. गेली एकतीस वर्षं चालतायत म्हणा, भोकं ह्या तीन महिन्यांत पाडली. मोळा घेऊन, गॅलरीत बसून, माझ्याकडे पाठ करून. पण ते चालण्यामुळेच.

...तुम्हाला मी हे का सांगतेय? मी कधी कुणाला — थांबा. हे सीट! तरीच! अहो, गाडीचं सीट आहे हे. आपण दोघं पुढे बघतोय. तुम्ही तिथे, मी इथे. नऊ वर्षांची सवय, बूड टेकलं की तोंड सुटतं. एवढं बोलले मी, नि तुम्हीही मेले ऐकून घेताय. ह्या मिस्त्रीने लाकडी बाक ठेवला असता तर तुमचा सौदा मघाशीच झाला असता.

काय? आवाज बाहेर जातो का? नाही, काचा बंद असल्या तर — हे तुम्ही मघाशीही विचारलंत. मला वाटलं इंजिनाचं विचारताय. आणि सीट किती मागे जातं ते विचारलंत. आणि उभ्याने तासाला किती पेट्रोल लागतं ते खरं सांगा म्हणालात. पिकअप नाही विचारला, गिअर नाही विचारले, चालवून बघू का, असंही नाही म्हणालात. लायसन्स आहे तुमच्याकडे? ...नाही? गाडी येत नाही चालवता? आणि इस्त्री करून, चुंबक घेऊन गाडी घ्यायला आलात? इकडे बघा. पुढे नको, माझ्याकडे बघा. लग्नाला किती दिवस झाले? चार महिने. आणि घरात माणसं? नऊ! नऊ माणसं. खोल्या विचारत नाही मी. समजलं. आणि त्या गेटबाहेर मघापासून पर्स छातीशी धरून उभी आहे ती — तीच का? आत का नाही बोलावलंत? ...काय ठरलंय तुमचं, आवडली तर हात वर करायचा? करू नका. हात खाली ठेवा. खाली!

नव्वद? जाहिरातीत ऐंशी लिहिलंय आणि तुम्ही नव्वद म्हणताय? मी तासभर ह्या गाडीची इभ्रत काढतेय, पंप गेला, चेन गेली, ऑइलचं डांबर झालं, आणि हा माणूस भाव वाढवतोय! दुरुस्तीचे पण तुम्ही भरणार? अहो, वेड लागलंय का तुम्हाला? ...नाही, वेड नाही लागलं. कळतंय मला. मला नाही कळणार तर कुणाला कळणार. पण नाही. नाही म्हणजे नाही. लाख दिलेत तरी नाही. त्या गाडीत माझं अर्धं वाक्य आहे. तुम्ही पहिले मिक्सर घ्या. चांगला, जड बुडाचा. रिकामा फिरवायचा, तीस सेकंद, नि एक मिनिट थांबायचं. तुमचं वय आहे, तुम्हाला तीस सेकंद पुरतील. दोन-तीन वर्षं निघतात एका मिक्सरवर.

मिस्त्री! ओ मिस्त्री! विकायची नाही गाडी. पंप टाका. चेन टाका. टेन्शनर का काय ते टाका, गुडघे बदलायचे तर गुडघे बदला. सदतीस पाचशे ना, हो, ऐकलंय मी, परत परत नका सांगू. किती दिवस लागतील? ...पाच? पार्ट यायलाच तीन? पाच दिवस मी काय करू? पाच दिवस आणखी घड्या घालू चादरींच्या? आज नाही होत? उद्या? चालली नाही तरी चालेल हो मला, नुसती सुरू झाली पाहिजे! भिंतीसमोर उभी राहून सुरू झाली पाहिजे, बस्स!

...हे कोण आलं?

अहो हे तर — ह्यांची ड्यूटी आहे ना? गणवेशात आलेत. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, भर उन्हात टॉर्च पेटवून ठेवलाय. ह्या वेळी ह्यांना मागच्या गल्लीतल्या जिन्याखाली असायला हवं. कुणाकडे बघतायत? माझ्याकडे नाही. तुमच्याकडे पण नाही. मिस्त्री, अहो, अडवू नका त्यांना — जाऊ द्या. चढले बघा. इंजिनाचं तोंड उघडं, खाली लाकडाचे ठोकळे, चेन बाहेर लोंबतेय, आणि हा माणूस दार उघडून स्टिअरिंगपाशी जाऊन बसला. पट्टा लावला! कुठे निघालेत? भिंतसुद्धा नाहीये समोर, समोर टायरांची रास आहे.

बॅटरी आहे का हो आत? आहे? दिवे दाखवायला ठेवलीत. बरं केलंत.

...लागला. बघितलात? डावा.

टिक-टॉक. नाही, ऐकू येत नाही इथून, पण मला येतं. तीन. चार. विकायला काढली त्याचा आहे हा, का न सांगितल्याचा, का जे सांगणार त्याचा? सहा. सात. धरा ही माझी पिशवी — नको, द्या इकडे, कागद आहेत तिच्यात. मी जाते. आज चाळीस नाही जाऊ देत.

अरे पण — काचा. काचा बंद केल्या तर एसी नाही, ह्या उन्हात दोघं गुदमरून मरू. उघड्या ठेवल्या तर तुम्ही सगळे इथे कान लावून. हे बोलणार नाहीत. ओळखते ना मी, एक माणूस जरी ऐकत असला तरी मीठ कमी आहे म्हणतील नि उतरतील.

मिस्त्री! तो कॉम्प्रेसर लावा. हो, तोच. नाही, टायर नाहीये कुठला. रिकामाच लावा. मी हात वर करेपर्यंत बंद करायचा नाही, तीस सेकंदांत नाही, एक मिनिटात नाही, गरम होऊ दे, जळू दे. — आणि तुम्ही काय बघताय अजून? झाली ना दाखवून गाडी? निघा, ती उन्हात उभी आहे तिकडे. आणि जाताना मागे वळून बघायचं नाही, ह्यांना चालत नाही. — काय म्हणताय मिस्त्री? विजेचं बिल? मीटर पळतो? पळू दे! पळू दे हो मीटर, लावा बिलात, जे लावायचं ते लावा, पण सुरू करा आता, अकरा झाले, बारा —